अडीच विरुद्ध दीड

फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीट आणि सहावा रस्ता जिथे मिळतात तिथे एक बिनछपराचं घर आहे. विटांच्या अर्धवट भिंती, खिडक्यांच्या नुसत्या चौकटी आणि मध्ये जमिनीत बसवलेली जाड काच. काचेखाली जुन्या घराचा पाया दिसतो. शेजारीच लिबर्टी बेल आहे, त्यामुळे बहुतेक माणसं या घराला वळसा घालून घंटेच्या रांगेकडे जातात. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मुलीकडे गेले होते, तेव्हा मीही त्याच रांगेत होते. पाच मिनिटांत येते असं सांगून रांगेतून बाहेर पडले, त्या काचेपाशी थांबले, आणि घंटा बघायची राहूनच गेली.

१७९० च्या नोव्हेंबरपासून १७९७ च्या मार्चपर्यंत जॉर्ज वॉशिंग्टन या घरात राहत होता. राजधानी तेव्हा दहा वर्षांपुरती फिलाडेल्फियात होती. घराच्या वरच्या मजल्यावर त्याची अभ्यासिका होती आणि त्या लहानशा खोलीत अमेरिकेचं पहिलं मंत्रिमंडळ भरायचं. राष्ट्राध्यक्ष सोडला तर मंत्रिमंडळ म्हणजे फक्त चार माणसं. थॉमस जेफरसन परराष्ट्र खात्याचा, अलेक्झांडर हॅमिल्टन अर्थखात्याचा, हेन्री नॉक्स युद्धखात्याचा, आणि चौथा एडमंड रँडॉल्फ, ॲटर्नी जनरल. पहिल्या दोघांविषयी इतकं लिहिलं गेलंय की तो सगळा काळच त्या दोघांच्या भांडणाचा वाटतो. मी मात्र त्या काचेपाशी थांबले ती चौथ्यासाठी.

माझी ३१ वर्षं एका सरकारी खात्यात टिपण्या लिहिण्यात गेली. नस्ती, म्हणजे कामाची फाइल, आली की प्रकरणाची पार्श्वभूमी मांडायची, नियम दाखवायचा, पर्याय द्यायचे, आपलं मत लिहायचं आणि खाली ‘आदेशार्थ सादर’. त्यामुळे अमेरिकेच्या राज्यघटनेतलं एक कलम पहिल्यांदा वाचलं, तेव्हा ते मला अगदी घरचं वाटलं. राष्ट्राध्यक्षाला मंत्रिमंडळ असावं असं ती घटना कुठेच म्हणत नाही. दुसऱ्या अनुच्छेदात एवढंच आहे की प्रत्येक खात्याच्या प्रमुखाकडून त्याच्या कामाबद्दल राष्ट्राध्यक्षाला लेखी अभिप्राय मागवता येईल. लेखी अभिप्राय! आमचं सगळं आयुष्य या दोन शब्दांत गेलं.

सल्ला घ्यायला वॉशिंग्टन आधी सिनेटकडे गेला होता. २२ ऑगस्ट १७८९ ची गोष्ट. राजधानी तेव्हा न्यूयॉर्कला होती. दक्षिणेकडच्या मूळ रहिवासी जमातींशी तह करायचा होता, म्हणून नॉक्सला बरोबर घेऊन तो स्वतः सभागृहात गेला आणि हो-नाही उत्तरं मिळतील असे काही प्रश्न पुढे ठेवले. मसुदा वाचून दाखवला जात असताना बाहेर रस्त्यावर गाड्यांचा एवढा खडखडाट चालला होता की कोणाला धड ऐकू येईना. पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर विल्यम मॅक्ले उठला आणि म्हणाला, कागदपत्रं पुन्हा वाचा. मग कोणीतरी प्रकरण समितीकडे द्यावं असं सुचवलं. वॉशिंग्टन उसळून म्हणाला की मग माझ्या इथे येण्याचा हेतूच फसला. हे सगळं मॅक्लेनं रोजनिशीत लिहून ठेवलंय. दोन दिवसांनी वॉशिंग्टन पुन्हा आला, काम उरकलं. पण अशा सल्ल्यासाठी त्यानंतर तो सिनेटच्या दारात गेला नाही. आपल्या खातेप्रमुखांकडे वळला. आधी एकेकाकडून कागद मागवायचा, एकेकाला न्याहारीला बोलवायचा. सगळ्यांना एकत्र बसवायला त्याला आणखी दोन वर्षं लागली. चौघांची त्याच्यासमोरची पहिली बैठक २६ नोव्हेंबर १७९१ ला झाली. युद्धाच्या काळात सेनापती म्हणून तो हेच करायचा. सरदारांची बैठक घ्यायची, मतभेद झाले की प्रत्येकाचं म्हणणं लिहून मागवायचं आणि मग एकट्यानं बसून ठरवायचं.

या पद्धतीचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे राष्ट्रीय बँकेची नस्ती. फेब्रुवारी १७९१. हॅमिल्टनच्या बँकेचं विधेयक काँग्रेसनं मंजूर करून सहीला पाठवलं. सही करायची की परत पाठवायचं, हे ठरवायला दहाच दिवस. वॉशिंग्टननं आधी विधीचं मत मागवलं, रँडॉल्फचं. १२ तारखेला त्याचं उत्तर आलं की घटनेत याला आधार नाही. १५ तारखेला जेफरसननंही तेच सांगितलं, थोडक्यात आणि धारदार. मग वॉशिंग्टननं जे केलं ते कोणत्याही चांगल्या अधिकाऱ्यानं करावं असं आहे. दोन्ही प्रतिकूल अभिप्राय त्यानं हॅमिल्टनकडे पाठवले आणि उत्तर मागितलं. हॅमिल्टननं आठवडाभरात प्रबंधाएवढं उत्तर लिहिलं. ते २३ तारखेला पोचलं, २५ ला सही झाली. त्या नस्तीतले तिन्ही कागद आजही वाचता येतात, आणि अमेरिकेचे वकील अजून त्यांच्यावर भांडतात.

माझ्यासारखीला त्यात एक बारीक गोष्ट दिसते. रँडॉल्फनं जो सल्ला दिला तो मानला गेला नाही. पण त्यानं रुसवा धरला नाही, वर्तमानपत्रातून कोणाला झोडपलं नाही. तो पुढच्या नस्तीकडे वळला.

बाकीच्यांना ते जमलं नाही. जेफरसननं परराष्ट्र खात्यात फिलिप फ्रेनो नावाच्या कवीला वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार म्हणून नेमलं, आणि हा फ्रेनो बाहेर ‘नॅशनल गॅझेट’ काढून त्याच सरकारवर तुटून पडायचा. हॅमिल्टनच्या बाजूनं जॉन फेनोचं ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ होतं, त्याला अर्थखात्याची छपाई मिळायची. टोपणनावानं हॅमिल्टन स्वतःही लिहायचा. ऑगस्ट १७९२ मध्ये वॉशिंग्टननं दोघांनाही पत्रं लिहून, एकमेकांच्या मतांबद्दल जरा उदार व्हा, अशी विनवणी केली. दोघांची उत्तरं एकाच दिवशी, ९ सप्टेंबरला लिहिलेली आहेत. दोघंही म्हणतात की आम्हाला वाईट वाटतं, आणि दोघंही लगेच दुसऱ्याच्या अपराधांचा पाढा वाचतात. ती पत्रं वाचताना मला वॉशिंग्टनसाठी गलबलून येतं. घरातल्या दोन कर्त्या मुलांनी एकाच दिवशी, एकाच स्वरात, बापाला नाही म्हणावं तसं आहे ते.

१७९३ हे वर्ष सगळ्यात कठीण गेलं. फ्रान्सनं इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं आणि अमेरिकेनं कोणाची बाजू घ्यायची हा प्रश्न त्या वरच्या खोलीत येऊन पडला. फ्रान्सशी १७७८ चा तह होता, त्यांच्या मदतीनं स्वातंत्र्य मिळालं होतं. पण व्यापार सगळा इंग्लंडशी आणि नौदल म्हणावं तर काहीच नाही. १८ एप्रिलला वॉशिंग्टननं १३ प्रश्न लिहून चौघांना पाठवले, १९ ला सगळे जमले. युद्धात पडायचं नाही यावर एकमत होतं. पण ते जाहीर कसं करायचं? हॅमिल्टनला तटस्थतेची स्पष्ट घोषणा हवी होती. जेफरसन म्हणत होता, तटस्थता हा शब्द आत्ताच देऊन टाकू नका, त्याची किंमत इंग्लंडकडून वसूल करता येईल. मसुदा करायचं काम रँडॉल्फकडे आलं. २२ एप्रिलला निघालेल्या जाहीरनाम्यात तटस्थता हा शब्दच नाही. लढणाऱ्या सगळ्या देशांशी अमेरिका मैत्रीनं आणि निःपक्षपातीपणानं वागेल, एवढंच तो म्हणतो. हॅमिल्टनला धोरण मिळालं, जेफरसनचा शब्द राखला गेला, आणि देश युद्धाबाहेर राहिला. ज्यानं आयुष्यभर मसुदे केलेत त्यालाच कळेल की ती दोन विशेषणं सापडायला रात्र गेली असेल.

त्या वर्षभरात त्या खोलीत सुमारे ५० बैठका झाल्या. उन्हाळ्यात तर कधीकधी आठवड्याला चार-पाच. फ्रेंच राजदूत एडमंड जने अमेरिकी बंदरांतून इंग्रजांविरुद्ध जहाजं सज्ज करत होता. त्याचं काय करायचं यावर तासन्‌तास वाद. हॅमिल्टन ज्युरीपुढे बोलावं तसा पाऊणपाऊण तास बोलायचा. २ ऑगस्टच्या बैठकीत नॉक्सनं वॉशिंग्टनला गिलोटिनवर चढवणाऱ्या एका टवाळखोर पत्रकाचा विषय काढला आणि वॉशिंग्टनचा तोल गेला. या पदापेक्षा थडग्यात असलेलं बरं, असं तो म्हणाला. आणि तो फ्रेनो आपल्या वर्तमानपत्राच्या तीनतीन प्रती रोज माझ्याकडे पाठवतो, हेही. जेफरसननं हे सगळं टिपून ठेवलं. फ्रेनो त्याच्याच खात्यात पगारावर होता, आणि जेफरसन त्याच खोलीत बसून ऐकत होता. हे मला जेफरसनच्या बाबतीत अजून माफ करता आलेलं नाही.

या सगळ्यात नॉक्सचं मत बहुतेक वेळा हॅमिल्टनच्या बाजूनं पडायचं. उरला रँडॉल्फ. जेफरसनची तक्रार होती की मंत्रिमंडळात मतं नेहमी अडीच विरुद्ध दीड अशी पडतात. म्हणजे रँडॉल्फ अर्धा इकडे, अर्धा तिकडे. आपला राजकीय मित्र जेम्स मॅडिसन याला लिहिलेल्या पत्रात त्यानं रँडॉल्फला सरडा म्हटलंय, ज्याला स्वतःचा रंग नाही. नंतर एका पत्रात तर त्यानं असं लिहिलं की हा माणूस तत्त्व एका बाजूला देतो आणि प्रत्यक्ष निर्णय दुसरीला. एकाला शिंपला, दुसऱ्याला आतलं कालव. आणि शिंपला नेहमी आमच्या वाट्याला.

हे वाक्य वाचलं तेव्हा मला माझी एक जुनी नस्ती आठवली. दोन गावांना मिळून एक पाणी योजना होती आणि टाकी कुठे बांधायची यावर वरच्या दोन अधिकाऱ्यांचं टोकाचं वाकडं. एक म्हणत होता वरच्या गावात, उतार आहे, पाणी आपसूक वाहील. दुसरा म्हणत होता खालच्या गावात, वस्ती तिथे जास्त. मी आठ दिवस कागद उलटसुलट करून लिहिलं की टाकी वर बांधावी, पण पहिली जलवाहिनी खालच्या गावाला टाकावी. योजना शेवटी तशीच झाली. पण दोघंही वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि बाईंना स्वतःचं मत नाही असं एकानं चारचौघांत म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. मला मत होतं. ते दोघांपैकी कोणाचंच नव्हतं, एवढंच.

म्हणून सरडा हा शब्द मला रँडॉल्फवर अन्याय वाटतो. त्याची परिस्थिती तरी बघा. बाकीच्यांकडे खाती होती, कारकून होते. ॲटर्नी जनरलकडे कार्यालय नाही, कारकून नाही, पगार वर्षाला १५०० डॉलर, हॅमिल्टनच्या निम्म्याहूनही कमी. घर चालवायला त्याला खासगी वकिली करावी लागायची, आणि आपण धड इकडचे ना तिकडचे अशी खंत त्यानं स्वतःच एका पत्रात केली आहे. आयुष्यभर तो मधल्या जागेतच उभा होता. बाप इंग्रजांचा निष्ठावंत, क्रांती सुरू झाल्यावर इंग्लंडला निघून गेला. मुलगा मागे राहिला आणि १७७५ मध्ये वॉशिंग्टनच्या दिमतीला लागला. १७८७ च्या घटना परिषदेत व्हर्जिनियाचा आराखडा, म्हणजे नव्या घटनेचा पहिला कच्चा प्रस्ताव, त्यानं मांडला आणि शेवटी तयार झालेल्या घटनेवर सही करायला नकार दिला. पुढच्या वर्षी व्हर्जिनियात त्याच घटनेच्या मंजुरीसाठी उभा राहिला. याला कोणी चंचलपणा म्हणेल. मला तो शेवटपर्यंत विचार करत राहणारा माणूस दिसतो.

पण तो थोर होता असं म्हणायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण त्याच काचेखाली आहे.

तिथे दिसणारा पाया स्वयंपाकघराचा आहे. तिथून मुख्य घराकडे जाणारा एक तळघरातला बोळ आहे, त्यातून नोकर नजरेआड ये-जा करत. २००७ च्या उत्खननात हे सापडलं आणि २०१० मध्ये इथे स्मारक झालं. वॉशिंग्टननं या घरात एकूण नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्या माणसाच्या गुलामानं या राज्यात सलग सहा महिने काढले तर तो मुक्ततेची मागणी करू शकत होता. एप्रिल १७९१ मध्ये रँडॉल्फच्या स्वतःच्या तीन गुलामांनी ती मागणी केली. रँडॉल्फ वॉशिंग्टनच्या घरी आला आणि तुमच्याकडेही हे होऊ शकतं, असं सांगून गेला. मग त्यानं उपायही सांगितला. सहा महिने भरण्याआधी, कुठल्याही निमित्तानं, एका दिवसासाठी जरी त्यांना राज्याबाहेर नेलं तरी मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वॉशिंग्टनचा खासगी सचिव टोबायस लिअर याच्या पत्रात हे सगळं आहे. त्याप्रमाणे माणसं कधी व्हर्जिनियाला परत पाठवली गेली, कधी नदीपलीकडे न्यू जर्सीत ट्रेंटनला नेऊन आणली गेली. वॉशिंग्टनची सूचना होती की निमित्त असं असावं, ज्यानं तेही फसतील आणि लोकही.

बँकेच्या नस्तीत घटनेचा शब्द न्‌ शब्द तपासणाऱ्याच माणसाचा हा सल्ला, दोनच महिन्यांनंतरचा. मला ते पत्र वाचून बरेच दिवस चैन पडली नाही. मसुदा करणाऱ्याचं कौशल्य हेच असतं ना, कायद्यातली फट शोधणं. ते कुठे लावायचं हा प्रश्न कोणी त्याच्यापुढे ठेवला नाही आणि त्यानंही स्वतःपुढे ठेवला नाही. २१ मे १७९६ ला घरची मंडळी जेवत असताना ओनी जज नावाची तरुण मुलगी या घराच्या दारातून बाहेर पडली आणि न्यू हॅम्पशायरला पोचली. वॉशिंग्टननं तिला परत आणायचा प्रयत्न केला. ती आली नाही.

तोपर्यंत वरची खोली पार बदलली होती. ३१ डिसेंबर १७९३ ला जेफरसन गेला आणि त्याच्या जागी रँडॉल्फ परराष्ट्र सचिव झाला. वर्षभरानं नॉक्स गेला, मग हॅमिल्टन. जुन्या चौघांतला एकटा रँडॉल्फ उरला. नवे आले ते ऑलिव्हर वॉलकॉट आणि टिमथी पिकरिंग, दोघंही इंग्लंडकडे झुकलेले. इंग्लंडशी जॉन जेनं केलेल्या तहावर राष्ट्राध्यक्षानं सही करायची होती, आणि इंग्रज अमेरिकेची धान्याची जहाजं पकडत आहेत तोवर सही नको, असं रँडॉल्फ म्हणत होता. अशा वेळी इंग्रजांनी समुद्रात पकडलेलं एक फ्रेंच टपाल इंग्रज राजदूत जॉर्ज हॅमंडनं वॉलकॉटच्या हातात दिलं. त्यात जनेच्या जागी आलेला फ्रेंच राजदूत जोसेफ फॉशे याचा खलिता होता. रँडॉल्फनं आपल्याला मौल्यवान गोष्टी सांगितल्या असं त्यात होतं, आणि पैशांबद्दल संदिग्ध मजकूर होता. भाषांतर पिकरिंगनं केलं. वॉशिंग्टन माउंट व्हर्ननच्या आपल्या घरून ११ ऑगस्ट १७९५ ला परतला. पिकरिंगच्या आठवणीनुसार तेव्हा रँडॉल्फ वॉशिंग्टनबरोबर जेवायला बसला होता. पिकरिंगनं वॉशिंग्टनला बाजूच्या खोलीत नेलं आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाला, तो माणूस देशद्रोही आहे.

पुढचा आठवडाभर वॉशिंग्टन रँडॉल्फशी नेहमीसारखाच वागला. तहावर सही करायचं ठरलं. मग १९ ऑगस्टला वॉलकॉट आणि पिकरिंग यांच्यादेखत त्यानं रँडॉल्फच्या हातात तो कागद दिला आणि वाचून खुलासा करायला सांगितलं. वीस वर्षांची ओळख. रँडॉल्फनं फ्रेंचमधला तो लांबलचक खलिता तिथेच, तिघांच्या नजरेखाली वाचला, एकेक मुद्द्यावर बोलायचा प्रयत्न केला. मग त्याला बाहेर थांबायला सांगण्यात आलं. परत बोलावल्यावर तो म्हणाला की अशा वागणुकीनंतर मी एक क्षणही पदावर राहणार नाही. राजीनामा त्याच दिवशी गेला.

इथे मला वॉशिंग्टनचा राग येतो. जो माणूस प्रत्येक प्रश्नावर सगळ्यांचे अभिप्राय मागवायचा, विरोधातले कागद दुसऱ्या बाजूला दाखवून उत्तर घ्यायचा, त्यानं या एका प्रकरणात फक्त दोघांचं ऐकलं, तेही आरोप करणाऱ्यांचं. ज्याच्यावर आरोप होता त्याला विचार करायला एक रात्रही दिली नाही. रँडॉल्फ धावत र्‍होड आयलंडला न्यूपोर्टपर्यंत गेला, फ्रान्सला निघालेल्या फॉशेकडून त्यानं लेखी खुलासा मिळवला, डिसेंबरात आपली बाजू पुस्तिका करून छापली. तिच्यात वॉशिंग्टनविषयी इतकं कडवट लिहिलं की उरलेली सहानुभूतीही गेली. लाच घेतल्याचं कधी सिद्ध झालं नाही. शिंपला-कालवाचं वाक्य ज्या पत्रात आहे, त्याच पत्रात जेफरसन लिहितो की लाचेच्या आरोपातून याला न ओळखणारेही मुक्त करतील आणि ओळखणाऱ्यांनी तर आधीच केलंय. जागा भरायला वॉशिंग्टननं पाच जणांना विचारलं, पाचही नको म्हणाले, आणि शेवटी परराष्ट्र खातं गेलं पिकरिंगकडे.

रँडॉल्फ व्हर्जिनियाला जाऊन पुन्हा वकिली करू लागला. खात्याच्या हिशेबातली मोठी रक्कम सरकारनं त्याच्या नावावर काढली, ती कित्येक वर्षं त्याच्या मानेवर राहिली. १८१० मध्ये, वॉशिंग्टनला जाऊन दहा वर्षं उलटल्यावर, त्यानं वॉशिंग्टनचा पुतण्या बुशरॉड याला एक पत्र लिहिलं. पंधरा वर्षांपूर्वीचा राग आता माझ्यात उरलेला नाही, असं त्यात आहे. तुमचे काका आज समोर असते तर त्या वेळी मी लिहिलेल्या शब्दांबद्दल मी त्यांच्यापुढे अभिमानानं पश्चात्ताप कबूल केला असता, असंही. हे पत्र कोणी मागवलं नव्हतं. तीन वर्षांनी तो गेला.

मुलीचा फोन आला, आई कुठे आहेस, गारठशील. मी मान वर करून पाहिलं. हे घर १८३२ मध्ये पाडलं. अभ्यासिका जिथे असेल तिथे, पुनर्बांधणीतल्या रिकाम्या चौकटींच्या वर, नोव्हेंबरचं ढगाळ आकाश होतं. एका भिंतीवर नऊ नावं कोरलेली आहेत. मुलगी येईपर्यंत मी ती वाचत उभी राहिले. ऑस्टिन. पॅरिस. हर्क्युलिस. क्रिस्टोफर शील्स. रिचमंड. जाइल्स. ओनी जज. मॉल. जो.